'आपण'ची सवय आणि 'मायसेल्फ'

कोल्हापुरातून एक प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलाखतीच्या सरावात उभं राहून 'मायसेल्फ' म्हणालो आणि पुढं नाव सांगितलं, तर सरांनी तिथंच थांबवलं. हे इंग्रजी नव्हे म्हणाले. 'मायसेल्फ' म्हणजे 'मी स्वतः'च ना? मग चुकलं कुठं? आणि सर्वनामांचे ते प्रकार पाठ करून खरंच काही उपयोग असतो का?"

अर्थ तुम्हाला बरोबर माहीत आहे, शब्द बसवलाय चुकीच्या जागी. मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, देमसेल्व्ज या मंडळींना प्रमाण इंग्रजीत दोनच कामं असतात. क्रिया फिरून करणाऱ्यावरच आली तर: 'आय कट मायसेल्फ', म्हणजे कांदा चिरता चिरता स्वतःलाच कापून घेतलं. किंवा कर्ता आधीच हजर असताना त्याच्यावर जोर द्यायचा असेल तर: 'आय मायसेल्फ सॉ इट', मी स्वतः बघितलं. दोन्हीकडं 'आय' आहेच. तो नसेल तर 'मायसेल्फ'ला टेकायला जागा नाही.

शिवाय तुमच्या वाक्यात क्रियापदही नाही. मराठीत 'मी अमुक, राहणार कसबा बावडा' एवढं म्हटलं की झालं, 'आहे' कुणी मागत नाही. इंग्रजीत 'ॲम' लागतोच. म्हणजे चार शब्दांत मराठीच्या दोन सवयी इंग्रजीत उतरल्या. दुसरी सवय, 'आहे' गाळायची, साधी आहे; पहिली, 'मी'च्या जागी 'स्वतः'वाचक शब्द घालायची, मात्र मजेची.

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर चहाच्या गाड्याशी उभा होतो. शेजारी चौघं पोरं. रविवारी ज्योतिबाला जायचं ठरत होतं. त्यातला एक म्हणाला, "आपण न्हाय येत बघ. आपल्याला रविवारी ड्युटी हाय." बाकीच्या तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की बेत रद्द झाला. 'आपण' म्हणजे तो एकटा, हे सगळ्यांना कळलं. हेच वाक्य व्याकरणाच्या पुस्तकातून वाचणाऱ्या परक्या माणसाला कळायचं नाही, कारण पुस्तकात 'आपण' म्हणजे मी आणि तू मिळून, नाहीतर आदरार्थी 'तुम्ही'.

आता या 'आपण'चं मूळ बघा. संस्कृत 'आत्मन्', प्राकृतात 'अप्पा', 'अप्पण', आणि तिथून मराठी 'आपण'. म्हणजे हा शब्द मुळात 'स्वतः' याच अर्थाचा, इंग्रजीतल्या 'सेल्फ'चाच व्यवसायबंधू. 'तो आपण होऊन आला' यात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. पण मराठीत या आत्मवाचकानं हळूहळू थेट कर्त्याची गादी घेतली. म्हणून मला वाटतं, 'मायसेल्फ अमुक' म्हणणारा मराठी माणूस निव्वळ अडाणीपणानं तसं म्हणत नाही. ज्याच्या तोंडी दिवसभर 'आपण न्हाय बा भीत कुणाला' असतं, त्याला 'स्वतः'वाचक शब्दानं वाक्य सुरू करण्यात काही वावगं वाटतच नाही. नुसतं 'आय' म्हणणं उद्धट वाटतं, हेही त्यात मिसळलेलं असावं.

आणि इंग्रजीनंही हे कधी केलंच नाही असं नाही. आयर्लंडच्या बोलीत घरधन्याची चौकशी 'इज हिमसेल्फ इन?' अशी करतात. घरी आहेत का 'ते'? आपल्याकडं नाव न घेता 'हे' म्हणणाऱ्या बायकांना यात काही शिकवायला नको. पण ती बोली, आणि मुलाखत घेणारा काही डब्लिनचा नसतो.

प्रकार पाठ करण्याबद्दल. शाळेत मराठीचे सहा शिकलात: पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, अनिश्चित, आत्मवाचक. इंग्रजीतही साधारण तीच घरं, वर 'ईच अदर'सारखी परस्परवाचकं आणि 'माइन', 'युवर्स' ही स्वामित्वाची वेगळी काढलेली. यादी घोकून फारसं काही हाती लागत नाही, कारण एकच शब्द घरं बदलतो. 'हू इज ही?' यात 'हू' प्रश्नार्थक, 'द मॅन हू केम' यात तोच संबंधी, आपल्या 'जो'चं काम करणारा. शब्द वाक्यात काय करतोय ते विचारा, प्रकार आपोआप कळतो.

एका ठिकाणी मात्र मराठी इंग्रजीच्या पुढं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'ही टुक हिज बाइक.' कुणाची गाडी नेली? स्वतःची, की दुसऱ्या कुणाची? 'हिज' सांगत नाही. इंग्रजाला गरज पडली तर 'ओन' जोडावा लागतो. मराठीत 'त्यानं आपली गाडी नेली' आणि 'त्यानं त्याची गाडी नेली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दुसऱ्यावरून भांडण होऊ शकतं. आणि हल्ली वर्तमानपत्रांतसुद्धा 'त्याने त्याच्या आईला सांगितले' असं सर्रास छापून येतं, जिथं 'आपल्या आईला' हवं. इंग्रजीतून उचललेलं वाक्य, दुसरं काय! 'मायसेल्फ'ला हसणारे याला हसत नाहीत, हे माझं दुखणं.

एक छोटी गंमत: 'सेल्फ'ची रूपंही सरळ नाहीत. 'मायसेल्फ', 'युवरसेल्फ' यांत 'माझा', 'तुझा' आहे, पण 'हिमसेल्फ', 'देमसेल्व्ज' यांत 'त्याला', 'त्यांना'. नियमानं 'हिजसेल्फ' व्हायला हवं होतं, आणि इंग्रजांच्या काही बोलींत तसं म्हणतातही. तुम्ही म्हणू नका.

मुलाखतीत 'आय ॲम' म्हणून नाव सांगा, पुढं 'आय ॲम फ्रॉम कोल्हापूर'. मित्रासोबत प्रोजेक्ट केला असेल तर 'माय फ्रेंड अँड आय डिड इट'. 'मायसेल्फ अँड माय फ्रेंड' नको. शंका आली तर मित्राला मनातल्या मनात वाक्याबाहेर काढा: 'मायसेल्फ डिड इट' कानाला लगेच खटकेल. आणि कंपनीचा फोन आला, तर तिथं 'आय ॲम' नको. 'धिस इज' म्हणून नाव सांगायचं. आपण 'मी अमुक बोलतोय' म्हणतो ना, तसंच ते.