वळिवड्याचे पोलिश आणि वॉर्साचा नांगर

प्रश्न : वळिवड्याच्या पोलिश छावणीवर शाळेत प्रदर्शन भरवतोय. नाझींशी झुंजलेल्या तिथल्या मुलांची जहाजाच्या नांगराची खूण भिंतीवर कशी रंगवायची?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आधी घोळ निस्तरू. वळिवड्यात, म्हणजे आजच्या गांधीनगरला, १९४३ ते १९४८ राहिलेले सुमारे ५ हजार पोलिश, त्यांत बायका-मुलंच जास्त, सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले होते. नांगर काढणारी पोरं वेगळी. ती जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सातली. दोन्ही दाखवा, पण फलक वेगळे करा.

या खुणेचं नाव कोत्वित्सा. ती १९४२ मध्ये रेखाटली आन्ना स्मोलेन्स्का या तरुणीने. पुढच्याच वर्षी आउशवित्झच्या नाझी छळछावणीत तिचा अंत झाला. पी आणि डब्ल्यू ही अक्षरं 'लढणारा पोलंड' या पोलिश शब्दांची. पीची उभी दांडी खाली डब्ल्यूच्या मधल्या टोकात उतरवा, डब्ल्यूचे दोन्ही हात गोलसर वर वळवा. टोकदार काढलात तर नांगर दिसत नाही, नुसती दोन अक्षरं दिसतात. पुठ्ठ्याचं स्टेन्सिल कापणार असाल तर पीचा डोळा गळून पडतो. त्याला बाजूच्या पुठ्ठ्याशी जोडणाऱ्या दोन बारीक पट्ट्या सोडा. रंग दाट हवा आणि ब्रश जवळजवळ कोरडा, नाहीतर रंग पुठ्ठ्याखाली पाझरतो. पोरांना नांगर पळायच्या बेतात काढायचा असे, त्यामुळे रेघ थोडी वाकडी आली तरी चालेल!

नाटुकलं बसवणार असाल तर बाराव्या वर्षाच्या पोराच्या हाती बंदूक देऊ नका. भूमिगत स्काउटांत १२ ते १४ वर्षांच्यांना लढाईत घेत नसत. भिंती रंगवणं वगैरे १५ ते १७ वाल्यांकडे, हत्यारं १८च्या पुढे. प्रसंग हवा तर कोपर्निकसचा घ्या. त्याच्या पुतळ्यावरची जर्मन पाटी फेब्रुवारी १९४२ मध्ये आलेक दाविदोव्स्की या भूमिगत स्काउटने स्क्रू काढून पळवली. चिडलेल्या जर्मनांनी यान किलिन्स्की या जुन्या पोलिश वीराचा पुतळा उचलून संग्रहालयात ठेवला. मग संग्रहालयाच्या भिंतीवर किलिन्स्कीच्या नावाने उमटलं, 'वॉर्साकरांनो, मी इथे आहे'. आणि कोपर्निकसच्या नावाने जाहीर झालं, की या अपराधाबद्दल हिवाळा लांबवत आहे. कोल्हापुरी पोरांना हा खोडसाळपणा समजावून सांगावा लागणार नाही.

१९४४च्या वॉर्सातल्या उठावात धाकट्या स्काउटांनी टपाल वाहिलं. पत्राला मर्यादा २५ शब्दांची. दाराशी टेबल मांडून येणाऱ्यांना तेवढ्याच शब्दांत घरी पत्र लिहायला लावा. शब्द मोजायला सहावीतली पोरं बसवा.