२८ व्या आठवड्यात पोटाचं माप २६ सेंमी आलं, बाळाची वाढ कमी आहे का?

नाही ताई, एवढ्यावरून वाढ कमी म्हणता येत नाही. साधारण २४ ते ३६ आठवड्यांत जितके आठवडे तितके सेंमी, २ इकडे-तिकडे चालतं. बीडकडच्या उपकेंद्रात मी हीच तपासणी करते: लघवी करून आल्यावर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत टेप. एका मापापेक्षा ते दर भेटीला वाढतंय का, हे महत्त्वाचं. वाढलं नाही किंवा ३ सेंमीने मागे पडलं तर सोनोग्राफी करून घ्या. ऊसतोडीला जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्याच, मागचं माप नसेल तर तिकडच्या सिस्टरला वाढ कळणार कशी? जुळं असेल किंवा बाळ आडवं असेल तर मात्र टेपवर विसंबू नका. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर माप कितीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.