पोरीला ट्रॅक सायकलिंगला टाकू का?

प्रश्न : ताई, आम्ही तासगावचे. मुलगी दहावीत आहे. रोड रेसला लांबच्या अंतरात ती मागं पडते, पण शेवटच्या दोनशे मीटरला पोरं पण तिला धरत नाहीत. सर म्हणतात ही स्प्रिंटर आहे, ट्रॅकला टाका. ट्रॅक म्हणजे नक्की काय, आणि त्यात पैसा, नोकरी काही आहे का? तिची आई म्हणते मांड्या जाड होतील, पुढं लग्नाला अडचण. काय करू?

उत्तर : दादा, सरांचं मला पटतंय. लांब पल्ल्याला दमणारी आणि शेवटाला सुसाट सुटणारी पोरगी ट्रॅकवर बघायलाच पाहिजे. ट्रॅक म्हणजे वेलोड्रोम, 250 मीटरचा लाकडी गोल, वळणाला जवळपास 42 अंश कललेला. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच, फ्रीव्हील पण नाही, त्यामुळं चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, मध्येच पाय थांबवायला गेलं की सायकल उचलून फेकते. स्प्रिंटला आधी एकटीनं फ्लाइंग 200 मीटर मारायचं, म्हणजे आधीच वेग पकडून यायचं आणि फक्त शेवटच्या 200 मीटरचं टायमिंग घ्यायचं, त्या टायमिंगवर जोड्या लागतात आणि मग दोघी समोरासमोर. सुरुवातीला तर इतकं हळू चालवतात की बघणाऱ्याला वाटतं रुसल्यात की काय, कारण पुढं जाईल तिच्या आडोशाला दुसरी बसते, वारा पुढचीनं खायचा आणि शेवटी मागचीनं सुटायचं. पॅरिस 2024 ला जर्मनीच्या लिआ फ्रीड्रिखनं ते 200 मीटर 10.029 सेकंदात मारलं, म्हणजे ताशी सत्तरच्या वर!

उशीर झालाय असं समजू नका. कॅनडाची केल्सी मिचेल फुटबॉल खेळायची, 2017 ला टॅलेंट शोधायच्या ट्रायलमधून सायकलवर आली आणि टोकियो ऑलिम्पिकला स्प्रिंटचं गोल्ड घेऊन गेली.

पैशाचं मात्र खरं सांगते. नुसत्या रेसवर पोट भरेल अशी जागा म्हणजे जपान, तिथं मुलींचं व्यावसायिक केइरिन, म्हणजे बऱ्याच जणींनी एकत्र पळवायची ट्रॅकवरची स्प्रिंट रेस, 2012 पासून चालू आहे, लोक पैसे लावतात आणि रायडरला बक्षीस मिळतं. आपल्याकडं तसलं काही नाही, ऑलिम्पिकमध्ये सायकलिंगचं एक पण मेडल अजून भारताला नाही. इथं करिअर म्हणजे नॅशनलला मेडल, मग रेल्वे किंवा पोलिसात खेळाडू म्हणून भरती, आणि राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे त्याचा आधार. त्यामुळं शिक्षण सोडायचं नाही, हे पोरीला आत्ताच सांगा.

धोका पण लपवत नाही. ऑस्ट्रेलियाची अ‍ॅना मीअर्स जानेवारी 2008 ला पडली, मान मोडली, आणि त्याच ऑगस्टला बीजिंगला सिल्व्हर घेतलं, हे सगळे सांगतात. पण जर्मनीची ऑलिम्पिक चॅम्पियन क्रिस्टिना फोगेल 2018 ला सरावातच दुसऱ्या सायकलवर आदळली आणि ती आज व्हीलचेअरवर आहे, हे कोण सांगत नाही. म्हणून कोच नसताना ट्रॅकवर सोडायचंच नाही.

आता तिच्या आईचं. मांड्या जाड होणारच हो वहिनी, स्प्रिंटरचं इंजिनच तिथं असतं, जिममध्ये खांद्यावर वजन घेऊन स्क्वाट मारल्याशिवाय तो जोर येत नाही. लग्नाचं दहावीच्या पोरीपुढं कशाला काढताय?

आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं जाऊन बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा, टायमिंग लावून बघा, दिल्लीचा इनडोअर वेलोड्रोम वगैरे ते नंतरचं. आणि निवड व्हायच्या आत कर्ज काढून कार्बनची सायकल आणू नका, दुकानदार गळ्यात मारेल.