गाडी माझी नाही, बिल्टी माझी: वाटेत माल भिजला तर दलाल किती अडकतो?

आपण विचारले आहे की, वणीत बसून आपण जिनिंगमधून निघणाऱ्या कापसाच्या गाठींसाठी गाड्या लावून देता, गाडी आपल्या मालकीची नसते, पदरात फक्त कमिशन पडते. मग वाटेत माल भिजला तर मिलवाले भरपाई आपल्याकडे कशी मागू शकतात? मी हिंगणघाटला बरीच वर्षे हाच धंदा केला. माझ्या मते गाडी कोणाची याला फारसे महत्त्व नाही, बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीसाठी घेतल्याची पावती, कोणाच्या नावाने फाटली याला आहे.

१८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यातील ‘कॉमन कॅरियर’च्या, म्हणजे भाडे घेऊन कोणाचाही माल वाहून नेणाऱ्याच्या, व्याख्येत एजंट आणि दलाल हे शब्द स्पष्टपणे आलेले आहेत. आपल्या छापील पुस्तकातील बिल्टी दिली की माल आपण स्वीकारला असेच धरले जाते, आणि दावा झाल्यास आपला निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे समोरच्यावर राहत नाही. बिल्टी गाडीमालकाने दिली असेल आणि आपण केवळ दोघांची भेट घालून दिली असेल, तर आपली बाजू पुष्कळ बळकट राहते. मात्र पार्टी, म्हणजे माल पाठवणारा, परस्पर गाडीमालकाला गाठेल या भीतीने त्याचे नाव दडवण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती येथे महागात पडते, कारण ज्याच्या वतीने काम केले त्याचे नाव न सांगणारा एजंट स्वतः बांधला गेला, असे करार कायद्याचे कलम २३० गृहीत धरते.

माझ्यावरच हा प्रसंग आला होता. फेब्रुवारीत शंभर गाठी दक्षिणेकडील एका सूतगिरणीला पाठवल्या, गाडी दुसऱ्या दलालामार्फत मिळाली होती. पांढरकवड्याच्या पुढे अवकाळी पावसाने गाठले आणि माल मिळाल्याच्या पोचपावतीवर शेरा आला, ‘१४ गाठी ओल्या, ताडपत्री फाटकी’. हा निसर्गाचा कोप आहे, असे मी ठामपणे म्हणत होतो. कायद्यात तशी सूट आहे खरी, पण योग्य काळजी घेऊन नुकसान टाळता आले असते तर ती मिळत नाही, आणि त्या शेऱ्यातील शेवटच्या दोन शब्दांनी माझी सूट संपवली. गिरणीचे साधे पत्र आले होते, ते मी टेबलाच्या खणात टाकले. बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस आली नाही तर दावा चालत नाही, एवढे मला ठाऊक होते. ते साधे पत्र हीच नोटीस होती, हे पुढे वकिलाने सांगितले.

गिरणीला विमा कंपनीने पैसे दिले तेव्हा प्रकरण मिटले असे मला वाटले, पण पुढे त्याच कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. भरपाई दिलेली विमा कंपनी मालधन्याच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडून वसुली करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सविस्तर सांगितले आहे, आणि तेथे माल सुताचा होता. म्हणून ‘पार्टीचा विमा आहे’ या वाक्यावर निर्धास्त राहू नये.

थोडा दिलासा असा की, पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचे जादा भाडे) भरला नसेल, तर या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या १० पटीपर्यंत आणि जाहीर केलेल्या किमतीच्या आत राहते. भाडे ४०,००० रुपये असेल तर ती ४ लाख होते; आपले कमिशन मात्र हजार-दोन हजारांच्या घरात असते. बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या ‘माल मालकाच्या जोखमीवर’ या ओळीच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

आपण बिल्टी देतच असाल तर कॉमन कॅरियर म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि वाहतूकदाराच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा घ्यावा. चुकीचा पत्ता किंवा चुकीचे कागद अशा कारकुनी चुकांसाठी व्यावसायिक जबाबदारीची पॉलिसी वेगळी असते. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलातील (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदातील) गाडीच्या तपशिलाचा भाग ‘ब’ नव्या क्रमांकाने भरावा, नाहीतर माल अडकून कराच्या २०० टक्के दंडाचा वाद अंगावर येतो. आणि गाठी चढल्यावर, गाडी हलण्यापूर्वी, ताडपत्रीचा चारही बाजूंनी फोटो काढून गाडीमालकाच्या व चालकाच्या सहीसह जपून ठेवावा.