वाटपाचा दावा हातात घेतलास ना, मग आधी हे बघ

साताऱ्यात वकिलीची नवीन सनद घेऊन बसलायस, कोणीतरी सातबारा नि फेरफारांची पिशवी घेऊन येणारच, बहिणीला वाटा बसतो का विचारायला. नुसता बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा कोरा मजकूर, उघडून उत्तर देऊ नकोस. हिंदू वारसा कायद्याचं कलम 6 हे 2005 ला बदललं, मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हक्कदार, वाचायला सरळ वाटतं, पण 9 सप्टेंबर 2005 च्या आधीच बाप वारला असेल तर काय, यावर कोर्टाकोर्टात घोळ झाला. 2015 ला प्रकाश विरुद्ध फुलवतीत सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्या तारखेला बाप हयात पाहिजे, 2018 ला दानम्मा निकालात वडील 2001 लाच वारलेले तरी मुलींना वाटा दिला, मग दोन्हीकडचे वकील आपापला निकाल पुढं करणार, पक्षकाराला सांगायचं तरी काय? शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांनी गाठ सोडवली, बाप हयात असण्याची अट नाही. घटनेच्या कलम 141 मुळं ते आपल्या कोर्टालाही बंधनकारक, म्हणून आज तू त्या बाईला ठामपणे सांगू शकतोस, आणि मला तर हेच या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटप, कोर्टाचा हुकूमनामा किंवा विक्री झालीय का ते तपास, कारण झाली असेल तर ती कायम राहते. भाऊ म्हणतील तोंडी वाटप झालंय, पण नुसत्या शब्दावर भागत नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. आणि हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, विसंबू नकोस, निकाल आख्खा वाच.