कोकण आणि देश: हवामान ताडून बघताना
रत्नागिरी आणि सोलापूरची तुलना करताय, तर वर्षाची सरासरी बाजूला ठेवा. महिनावार आकडे घ्या, तेही दोन्हीकडचे १९९१-२०२० याच काळातले. मे महिन्यात सोलापूर चाळिशीला टेकतं, रत्नागिरी तेहतिशीच्या आसपास. तरी घामाने जीव जातो तो रत्नागिरीतच. म्हणून कमाल तापमानाशेजारी दवबिंदूही लिहा, म्हणजे हवेत बाष्प किती ते सांगणारं तापमान. पाऊस रत्नागिरीत जुलैत भरात, सोलापुरात सप्टेंबरमध्ये. पावसाळ्याच्या चारही महिन्यांची बेरीज केलीत की हा फरकच बुडाला. वेधशाळेचा आजचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठपासूनचा, तारखा घसरतात त्या इथेच. आणि मार्चमध्ये कोकणात पारा ३८ वर दिसला तर चूक समजून खोडू नका. पूर्वेचे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा येतात.