वाचकांचे प्रश्न : कपॅसिटरची ऊर्जा कधी घटते, कधी वाढते?

प्रश्न : ‘फेट’ या विज्ञान-सिम्युलेशनच्या संकेतस्थळावरच्या ‘कपॅसिटर लॅब : बेसिक्स’मध्ये प्रभार साठवणाऱ्या कपॅसिटरच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून लांब नेल्या की साठलेली ऊर्जा कधी कमी होते, कधी वाढते. सिम्युलेशन चुकतंय का?
– बारावीची विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : नाही. बटण बॅटरीला जोडलेलं आहे की उघडं, ते पाहा. क्षेत्रफळ ४०० चौ. मिमी, अंतर २ मिमी, बॅटरी १.५ व्होल्ट ठेवा आणि बटण बॅटरीला जोडा. धारकता (दर व्होल्टला साठणारा प्रभार) १.७७ पिकोफॅरड, प्रभार साधारण २.६६ पिकोकूलॉम, ऊर्जा सुमारे २ पिकोज्यूल दिसेल.

आता बटण उघडून अंतर १० मिमी करा. प्रभाराला जायला वाट नाही, म्हणून तो तेवढाच राहतो. धारकता पाचपट घटल्याने व्होल्टेज ७.५ होतं आणि ऊर्जा १० पिकोज्यूल. वाढलेले ८ पिकोज्यूल पट्ट्यांमधल्या आकर्षणाविरुद्ध ओढणाऱ्या हाताने दिलेले असतात.

बॅटरी जोडलेली असताना हेच केलंत, तर व्होल्टेज १.५ वरच राहतं, प्रभार ०.५३ वर येतो आणि ऊर्जा ०.४ उरते. इथे बरेच विद्यार्थी अडखळतात : ओढताना काम केलं, मग ऊर्जा घटली कशी? २.१ पिकोकूलॉम प्रभार बॅटरीत परत गेला, १.५ व्होल्टने गुणलं की ३.२ पिकोज्यूल. त्यातले १.६ कपॅसिटरमधून गेले, उरलेले १.६ हाताने दिले. हिशेब वहीत मांडून बघाच, पडद्यावरचे आलेखाचे पट्टे नुसते वरखाली होताना पाहून हे कळत नाही.

प्रश्न : याच सिम्युलेशनमध्ये एवढ्याशा ऊर्जेवर बल्ब पेटतो कसा?
– विज्ञानशिक्षक, चिपळूण

उत्तर : खरा बल्ब पेटणार नाही. १.७७ पिकोफॅरड रिकामा व्हायला काही सेकंद लागायचे, तर रोध एक लाख कोटी ओहमच्या घरात हवा. बल्ब तिथे फक्त दाखवण्यासाठी आहे.

वर्गात खरं दाखवायचं तर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १० किलोओहमचा रोधक आणि ९ व्होल्टची बॅटरी एकसरीत जोडा. कपॅसिटरच्या अंगावर ज्या बाजूला पट्ट्याची खूण छापलेली असते, तो पाय बॅटरीच्या ऋण बाजूला. उलटा जोडला तर कपॅसिटर तापतो, फुटूही शकतो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून कपॅसिटरच्या दोन पायांना लावा. दहा सेकंदांनी ५.७ व्होल्टच्या आसपास, वीस सेकंदांनी ७.८. या कपॅसिटरच्या छापील आणि खऱ्या धारकतेत २० टक्के फरक सर्रास असतो, त्यामुळे ५.७ ला आठ किंवा बारा सेकंद लागले तरी जोडणी उसकटू नका. पुन्हा मोजण्यापूर्वी मात्र बॅटरी काढून कपॅसिटर त्याच रोधकातून मिनिटभर रिकामा करा, नाहीतर सुरुवातच शून्याऐवजी उरलेल्या व्होल्टेजपासून होते.